वलगणीचे मासे मोजायचे कसे?

आपटा म्हटलं की हॉस्टेलवर सगळ्यांना स्टेशनच आठवतं, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या (१९९५) शेवटच्या सीनमधलं! पण तिथली पाताळगंगा बघा. पहिल्या मोठ्या पावसात मासे ओहोळांतून उलटे, भातखाचरांकडे चढतात, अंडी घालायला. हीच वलगण. (हा शब्द कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवला नाही, मेसच्या मावशींकडून मिळाला.) त्याच रात्री लोक पाग आणि बॅटरी घेऊन निघतात. गाभोळीचा मासा चवीला भारी, पण पकडला तो अंडी घालायच्या आधीच. वर पोचले किती, आणि पाणी ओसरताना पिल्लं नदीत परतली किती?

अमेरिकेत कोलंबिया नदीच्या खोऱ्यात सामन माशाच्या पिल्लांचा असा हिशोब ठेवतात. ती वसंतात समुद्राकडे उतरतात. उपनद्यांत तरंगता, शंकूसारखा सापळा लावतात. प्रवाहानेच तो फिरतो, मोटर लागत नाही. सगळी पिल्लं त्यात येत नाहीत, म्हणून काहींना खूण करून परत वरच्या बाजूला सोडतात. समजा २०० सोडली आणि २० पुन्हा सापडली, तर सापळा १० टक्के पकडतो. मग एका दिवसात १५० पिल्लं आली तर खाली गेली साधारण १५००. एवढंच गणित!

आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खरी मजा टॅगमध्ये आहे. साधारण १२ मिलिमीटरची काचेची कुपी, आत कॉइल आणि चिप, बॅटरी नाहीच. धरणावरच्या अँटेनाजवळून मासा गेला की तिच्याच फील्डवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. प्रत्येक माशाचा नंबर वेगळा. हॅचरीतल्या बऱ्याच पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीकडचा छोटा मऊ पर कापलेला असतो, म्हणून जंगली कोण ते लगेच कळतं. हा फरक महत्त्वाचा, कारण हॅचरीचे मासे वाढले तर एकूण आकडा फुगतो आणि जंगली कमी होतायत हे झाकलं जातं.

हॅचरी आपल्याकडेही आहे. लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटा पॉवर बरीच वर्षं महासीरची पिल्लं तयार करतंय. खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडणारं पाणी तर पाताळगंगेतच येतं.

वलगणीच्या लहान माशांना टॅग झेपणार नाही. पण पराच्या टोकाला बारीक खूण, एक ओहोळ, एक सापळा आणि वही, एवढ्यावर फायनल इयरचा प्रोजेक्ट होऊ शकतो. सापळा मात्र दर काही तासांनी रिकामा करायला हवा, नाहीतर मोजता मोजता आपणच मासे मारू. आणि ओहोळ कुठला निवडायचा हे पाग टाकणाऱ्या काकांनाच विचारावं. जूनच्या आधी गाईड सर हो म्हणाले तर दोघं जण हवेत, रात्री जागणारे.