सिरीज संपली, आता मार्कशीट!

मित्रांनो, कुठलीही मोठी मॅच संपली की कट्ट्यावर लगेच निकाल लागतो : अमका हीरो, तमका झीरो. पण टीमच्या मॅनेजमेंटचं एवढ्यावर भागत नाही. पुढच्या सीझनला कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं आणि कोणावर किती पैसा लावायचा, हे त्यांना ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं, हे आपण २०११ च्या एनबीए फायनलवरून शिकू या. या फायनलमध्ये डल्लास मॅव्हरिक्सने मायामी हीटला ४-२ असं हरवलं.

पायरी १ : आधी बेरीज करा. सहा मॅचेस मिळून डल्लासचे पॉइंट्स ५६८ आणि मायामीचे ५५४. फरक फक्त १४, म्हणजे मॅचमागे साधारण २.३. ट्रॉफी एकालाच मिळते म्हणून दुसरी टीम टाकाऊ ठरत नाही.

पायरी २ : एका मॅचवर निकाल देऊ नका. शेवटच्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये डर्क नोविट्झ्कीचा १२ पैकी १ शॉट आत गेला. त्या दिवशी २७ पॉइंट्स काढून जेसन टेरीने टीमला सावरलं. तरीही फायनलचा एमव्हीपी डर्कच ठरला आणि ते बरोबरच होतं, कारण सहा मॅचेसमध्ये त्याची सरासरी २६ होती.
लेब्रॉन जेम्सचं उलट झालं. सीझनमध्ये सरासरी २६.७, फायनलमध्ये १७.८ आणि चौथ्या मॅचमध्ये तर फक्त ८. ती मॅच मायामी ३ पॉइंट्सनी हरली. ही घसरण खरी आहे, ती लपवायचं कारण नाही. पण सहा मॅचेस म्हणजे काही अख्खं करिअर नव्हे.

पायरी ३ : पॉइंट्सच्या कॉलममध्ये न दिसणारं काम शोधा. टायसन चँडलर हा डल्लासचा सेंटर. रिंगखाली डिफेन्स, रिबाउंड आणि सहकाऱ्याला मोकळं करणारे स्क्रीन, हे त्याचं काम. चौथ्या मॅचमध्ये त्याचे पॉइंट्स १३ होते, पण रिबाउंड १६!

पायरी ४ : श्रेय मोजूनमापून द्या. चौथ्या मॅचपासून कोच रिक कार्लाईलने बुटक्या जे. जे. बरेआला सुरुवातीपासून खेळवलं. आधीच्या तीन मॅचेसमध्ये डल्लासचे २६५ पॉइंट्स होते, नंतरच्या तीनमध्ये ३०३. म्हणजे सगळी बरेआची कमाल? थांबा. चौथ्या मॅचमध्ये डल्लासने ८६ च पॉइंट्स केले होते. पाचव्या मॅचमध्ये १९ पैकी १३ थ्री-पॉइंटर्स आत गेले, आणि असं रोज होत नाही. बदल चांगला होता, पण त्यात नशिबाचाही वाटा होता. लॅबमध्ये तीन रीडिंग्जवरून ग्राफ काढला तर सर काय म्हणतील ते आठवा.

आता निर्णय. मायामीने लेब्रॉनला आणि कोच एरिक स्पोलस्ट्राला ठेवलं आणि शेन बॅटियर हा डिफेन्स करणारा, बाहेरून शॉट मारणारा खेळाडू आणला. म्हणजे माणूस न बदलता भोवतालची मांडणी बदलली. २०१२ आणि २०१३ अशा दोन्ही वर्षी ते चॅम्पियन झाले.
डल्लासने जिंकलेली टीम मोडली. त्यांच्याकडेही कारण होतं. डर्क ३३ वर्षांचा, जेसन किड ३८ चा आणि लीगचे नवे पैशांचे नियम कडक. पुढे मोठा खेळाडू घेता यावा म्हणून त्यांनी हात मोकळे ठेवले. चँडलर न्यूयॉर्क निक्सकडे गेला आणि त्याच सीझनचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर ठरला. डल्लास २०१२ मध्ये पहिल्याच राउंडला ०-४ ने बाहेर पडलं. त्यानंतर प्लेऑफची एक सिरीज जिंकायला त्यांना २०२२ उजाडावं लागलं.
म्हातारी होत चाललेली टीम मोडणं हा गुन्हा नव्हता. पण ३३ वर्षांच्या डर्कजवळ थांबायला वेळ कुठे होता? चँडलर तर तेव्हा अजून तिशीचाही नव्हता. मोकळे ठेवलेले पैसे रिबाउंड घेत नाहीत, राव!

हे सगळं आपल्यालाही लागू आहे. कॉलेज टीमचं सिलेक्शन एका संध्याकाळच्या ट्रायलवर होतं आणि ज्याचा शॉट त्या दिवशी लागला नाही, तो वर्षभर बाहेर बसतो. कॅप्टन मंडळींनो, निदान चार-पाच मॅचेसची वही ठेवा. त्यात पॉइंट्सबरोबर रिबाउंड, पास आणि चुकाही लिहा. मग ठरवा कोणाला घ्यायचं ते.