घरावरील गहाण विकले गेल्यास ऋणकोने काय जाणावे

शेतीविषयक मासिकात पवईच्या सदनिकांची गोष्ट कशास, असे काही वाचक विचारतील. पवई हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ले तालुक्याचे एक गाव. तेथे पूर्वी मळे होते, आता उंच इमारती आहेत. त्यांत सदनिका घेणारे पुष्कळ तरुण आपल्याच शेतकरी घरांतले असतात. कर्जाच्या कागदावर मुलाच्या सहीखाली बापाची सही सहऋणको किंवा जामीनदार म्हणून असते, आणि क्वचित गावाकडील जमीनही तारणात दिलेली असते. म्हणून हा विषय शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

आमच्या एका आप्तांस, पवईस राहणाऱ्या मुलाच्या कर्जाबद्दल, एका अनोळखी ट्रस्टचे पत्र आले. तुमचे कर्ज आम्ही विकत घेतले आहे, असा त्यातील मजकूर होता. आप्तांनी ते लबाडीचे समजून पेटीत टाकले. हप्ते थकले होतेच. पुढे साठ दिवसांची नोटीस आली, ती फोडलीसुद्धा नाही. अखेर घर वाचवण्यासाठी गावची दोन एकर जमीन विकून तडजोड करावी लागली. वेळीच उत्तर दिले असते तर कदाचित कमी नुकसानीत निभावले असते.

विक्री होते म्हणजे काय?

जुन्या काळी सावकार आपला रोखा दुसऱ्या सावकारास विकीत असे. ऋणको तोच, देणे तेच, फक्त मागणारा नवा. आजची रीत याहून मुळात निराळी नाही. हप्ते सुरळीत चालू असलेली कर्जेही एका वित्तसंस्थेकडून दुसरीकडे जातात. नव्वद दिवसांहून अधिक थकलेले कर्ज 'अनुत्पादक' ठरते, आणि अशी थकित कर्जे बँका मालमत्ता पुनर्रचना कंपनीस विकू शकतात. ही कंपनी बहुधा एक ट्रस्ट उभारते व गुंतवणूकदारांचा पैसा त्यात घेते. ऋणकोच्या पत्रात ट्रस्टचे नाव दिसते ते यामुळे.

विक्रीस ऋणकोची वेगळी संमती लागत नाही. बँकांनी आपसांत कर्जे विकण्याच्या प्रथेस सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. पुनर्रचना कंपन्यांस तो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्यानेच मिळाला आहे.

कधी कर्ज नव्हे, तर कर्ज देणारी संस्थाच हात बदलते. मुंबईत १९८४ साली निघालेल्या दिवाण हाऊसिंग फायनान्स कंपनीचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली. कंपनी बुडाली म्हणून घरकर्जदारांचे देणे बुडाले नाही. हप्ते घेणाऱ्याचे नाव मात्र बदलले.

काय बदलते, काय बदलत नाही?

रिझर्व्ह बँकेच्या २४ सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांत असे तत्त्व आहे की, कर्ज हस्तांतरित झाल्याने मूळ कराराच्या अटी सामान्यतः बदलू नयेत. व्याजाचा दर, मुदत व दंड यांविषयी जे लिहून दिले तेच खरे. नव्या धनकोस जुन्याहून अधिक हक्क मिळत नाहीत. मात्र कमीही मिळत नाहीत.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. समजा, कंपनीने शंभर रुपयांचे येणे चाळीस रुपयांस घेतले. म्हणून ऋणकोचे देणे चाळीस होत नाही. ते शंभरच राहते. परंतु स्वस्तात घेणाऱ्यास तडजोडीस जागा असते. एकरकमी भरण्याची ऐपत असल्यास लेखी प्रस्ताव द्यावा, आणि मान्यताही लेखीच घ्यावी.

शेतजमिनीविषयी इशारा

सरफेसी कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे शेतजमिनीवरील तारणास हा कायदा लागू नाही. पण केवळ सातबारावर शेतजमीन अशी नोंद आहे एवढ्याने हे संरक्षण मिळत नाही. जमीन खरोखर शेतीकडे वापरात असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरविले. गोव्यातील एका हॉटेलच्या प्रकरणातही मार्च २०१८ मध्ये 'ही शेतजमीन आहे' हा बचाव टिकला नाही. शिवाय हा कायदा लागू नसला तरी दावा लावून वसुली करण्याचा मार्ग मोकळाच राहतो.

ऋणकोने व जामीनदाराने करावयाच्या गोष्टी

१. पत्र आल्याबरोबर जुन्या धनकोच्या शाखेत समक्ष जाऊन विक्री खरी की खोटी ते विचारावे व लेखी उत्तर घ्यावे. खात्री होईपर्यंत कोणाच्याही खासगी खात्यात पैसा भरू नये.

२. जुन्या धनकोकडून मुळापासूनचा खातेउतारा मागावा आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्यांशी ताडून पाहावा. चूक नव्या दप्तरात शिरण्यापूर्वीच दाखवावी.

३. विक्रीची नोटीस मिळण्यापूर्वी बँकेकडे भरलेला हप्ता वाया जात नाही. कायद्याप्रमाणे बँकेने ती रक्कम पुनर्रचना कंपनीकरिता विश्वस्त म्हणून ठेवून तिच्या हवाली करावयाची असते. नोटिशीनंतर मात्र नव्या धनकोकडेच भरावे.

४. कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस आल्यास मुदतीत लेखी हरकत द्यावी. धनकोने तिचे कारणांसह उत्तर पंधरा दिवसांत दिले पाहिजे. जामीनदारही या कायद्यात ऋणकोच समजला जातो, हे बापाने विसरू नये.

५. ताबा घेण्याची कारवाई झाल्यास पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सर्व रक्कम भरून गहाण सोडविण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

६. कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. धनकोच्या दोषाने विलंब झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. त्याबरोबरच गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातील, केंद्रीय नोंदणीतील आणि जमीन तारण असल्यास सातबाराच्या 'इतर हक्क' सदरातील बोजा उडवून घ्यावा.

महसूल खात्यातील नोकरीत मी पाहिले की, पुष्कळ कुटुंबांची जमीन कर्जामुळे जितकी गेली, तितकीच न उडविलेल्या बोजामुळे व न उघडलेल्या नोटिशीमुळे अडकली. कर्ज फेडणारा पैसा जपतो, पण पावती जपत नाही. धनको बदलला म्हणून घाबरू नये आणि हयगयही करू नये. प्रत्येक पत्र उघडावे, त्यावर पोचल्याची तारीख लिहावी आणि मुदत मोजावी. मुलगा पवईत व बाप गावात असला तरी कागदांची एक प्रत दोघांच्याही घरी असावी.