गर्भधारणेपूर्वीची दक्षता

प्रश्न : मी अ‍ॅरिझोनात परिचारिका आहे. आदिवासी तरुणींचा गर्भकालीन मधुमेह टाळण्यास आरंभ केव्हा करावा?

उत्तर : तेथील पिमा या आदिवासी समाजाच्या, १९६५ मध्ये सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासातून असे निदर्शनास आले की, मातेस गरोदरपणी मधुमेह असल्यास अपत्यासही तो तरुणपणीच जडण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि ते अपत्य कन्या असल्यास तीच आपत्ती पुढील पिढीच्या पदरी पडते; म्हणून गर्भधारणेपूर्वीच, किशोरवयात, मुलगी व आई यांना एकत्र बसवून आहार, व्यायाम, वजन आणि नियोजित मातृत्व यांविषयी समुपदेशन करणे मला सर्वाधिक श्रेयस्कर वाटते. मात्र ज्यांच्या गिला नदीचे पाणी वसाहतवाल्यांनी वळविल्यामुळे पिढीजात शेती बुडाली आणि सरकारी शिध्यातील मैद्यावर गुजराण करणे नशिबी आले, त्यांच्या मुलींच्या माथी दोष मारणे सर्वथा अन्याय्य होय. गर्भकालीन मधुमेह झालाच, तर प्रसूतीनंतर चार ते बारा आठवड्यांत रक्तशर्करेची फेरतपासणी मात्र आपण आग्रहाने करवून घ्यावी.