व्हाळाचं पाणी माडाच्या आळ्यात

मालवण-कुडाळकडे ज्यांची बाग डोंगराच्या पायथ्याला आहे आणि वरच्या अंगाला व्हाळ वाहतो, त्यांनी मोटारपंप घेण्याआधी उतार वापरून पाहावा. विजेचं बिल नाही, लाइट गेली तरी पाणी चालू, आणि वादळात खांब पडला तरी बाग सुकत नाही. ही कृती एक एकर बागेची आहे. त्यात साधारण ७० माड आणि मधल्या जागेत १५० पोफळी धरल्या आहेत. टाकीपासून बागेपर्यंत पाइप ३०० मीटर आणि उतार १५ मीटर. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून हिशेब करावा.

लागणारी माणसं म्हणजे एक गवंडी, एक प्लंबर आणि दोन-तीन गडी. बहुतेक घरांत पहिला फोन प्लंबरला जातो. तो दुकानाची यादी देतो, पाइपाची भेंडोळी अंगणात येऊन पडतात आणि मग मे महिन्यात कळतं की व्हाळात पाणीच नाही. म्हणून प्लंबर सगळ्यात शेवटी.

पहिलं काम मे महिन्यातलं, आणि त्याला कोणीही कारागीर लागत नाही. डिसेंबरात प्रत्येक व्हाळ भरून वाहतो, त्यावर विश्वास ठेवू नये. वळीव पडण्याआधी, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर जावं. व्हाळ जिथे अरुंद आहे तिथे चिखलाचा छोटा बांध घालून त्यातून पोफळीच्या खोडाची पन्हळ काढावी. पन्हळ नसेल तर प्लॅस्टिक पाइपचा तुकडा चालतो. सगळं पाणी त्यातूनच पडतंय ना, हे बघून खाली २० लिटरचा डबा धरावा आणि भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजावं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. समजा डबा दोन मिनिटांत भरला, तर मिनिटाला १० लिटर. यातलं निम्मं खाली सोडायचं. खालच्या वाडीची गुरं, आणि व्हाळातले मासे-खेकडेही त्याच पाण्यावर जगतात. उरलं मिनिटाला ५ लिटर, म्हणजे चोवीस तासांत ७,२०० लिटर.

आता बागेची गरज. भर उन्हाळ्यात मोठ्या माडाला ठिबकने दिवसाला ४० लिटर धरावे आणि पोफळीला २०. म्हणजे माडांचे २,८०० आणि पोफळींचे ३,०००, मिळून ५,८०० लिटर. ७,२०० मध्ये हे बसतं. बसलं नसतं तर पोफळी कमी करायच्या, पाइप मोठा घ्यायचा नव्हे. मोठ्या पाइपाने पाणी वाढत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

दुसरं काम सह्यांचं, आणि ते गणपतीतच उरकावं. सिंधुदुर्गातल्या सातबाऱ्यावर एका तुकड्याला पंधरा-वीस नावं असणं नवं नाही, आणि त्यातली अर्धी मुंबईत. व्हाळापासून बागेपर्यंत पाइप ज्या-ज्या जमिनीतून जाणार, तिथल्या सहहिस्सेदारांची लेखी संमती हवी. चाकरमानी गणपतीला गावात असतात, आरती झाल्यावर प्रसादाच्या वेळी कागद पुढे केला की काम होतं. मे महिन्यातही ते येतात, पण तेव्हा आंब्याच्या पेट्या आणि लग्नं यांत कुणाला सवड नसते. संमतीत पाइप कुठल्या मेरेने जाणार, किती खोल, आणि दुरुस्तीसाठी आत यायची मुभा, हे तीन मुद्दे लिहावेत. कुणी अडूनच बसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ४९ आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्यासाठी त्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण वाडीत राहायचं असेल तर आधी काकांना, मग वहिनींना, आणि कलम अगदी शेवटी. व्हाळात बांध घालायचा म्हणून ग्रामपंचायतीच्याही कानावर घालावं. हिवाळ्यात जिल्हा परिषदेची वनराई बंधाऱ्यांची मोहीम असते, त्यात तुमचा बंधारा बसला तर श्रमदानाला हात मिळतात.

तिसरं काम उतार काढण्याचं. इथे गवंडी लागतो, कारण पाणसळ त्याच्याकडे असते. भाताची कापणी उरकली की त्याला बोलवावं, पण तारीख जपून घ्यावी. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, पुढे आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा, जिची तारीख पंचांगात नसते, कौल लागल्यावर ठरते. त्या आठवड्यात मालवण तालुक्यात गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर रिक्षा मिळत नाही. "आयतवारी येतंय" असं मेस्त्री म्हणाले, तर कुठल्या आयतवारी ते विचारून घ्यावं.

ही पाणसळ म्हणजे पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी, उतार काढायला ती पुरते. नळीत पाणी भरताना एक टोक बालदीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्यावं, म्हणजे बुडबुडा राहत नाही. बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते आणि ते लक्षातही येत नाही. दोन सरळ काठ्यांना फुटापट्टीच्या खुणा कराव्यात. वरच्या माणसाने टाकीच्या जागी काठी उभी धरायची, खालच्याने नळी लांबेल तिथे. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिरावलं की दोघांनी आपापल्या काठीवर पाणी किती उंचीवर आहे ते वाचायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या टप्प्याचा उतार. मग वरचा माणूस खालच्याच्या जागी येतो आणि खालचा पुढे सरकतो. चालताना दोघांनी अंगठ्याने तोंडं दाबून धरावीत, नाहीतर अर्धं पाणी सांडून प्रत्येक टप्प्याला पुन्हा भरत बसावं लागतं. ३०० मीटरला असे वीस टप्पे होतात. मेस्त्री नजरेने सांगतील, "पानी जातला, काय बघूक नको." तरी बघावं. सड्यावरून उतरताना मध्ये कातळाचा उंचवटा असतो, तो नजरेला दिसत नाही आणि पाण्याला अडतो.

पंपाशिवाय शेतात पाणी नेण्याची रीत या भागाला नवी नाही. धामापूरचा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून बांधला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तलावाकाठच्या भगवती देवीचं दर्शन घ्यायला जाल तेव्हा तिथून निघणाऱ्या पाटाने थोडं चालून पाहावं. किती कमी उतारावर पाणी मुकाट्याने चालतं ते कळतं. आपल्याला मात्र उघडा पाट परवडणार नाही. जांभ्या मातीत मिनिटाला ५ लिटरची धार बागेपर्यंत पोचायच्या आत मुरून जाईल.

चौथं काम बांधाचं. पाऊस पूर्ण थांबून व्हाळाचा जोर ओसरला की, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून. जागा वळणावर नको, दोन्ही काठांना कातळ किंवा घट्ट माती असलेली हवी. तळातली वाळू आणि पाला घट्ट जमीन लागेपर्यंत उपसावा, कारण पाणी बांधाच्या वरून कधी पळत नाही, खालून पळतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत तिथलीच वाळू-माती तीन चतुर्थांश भरून तोंड शिवावं. गच्च भरलेली गोणी दगडासारखी बसते आणि दोन गोण्यांत फट राहते. गोण्यांच्या दोन ओळी, मध्ये हातभर जागा, आणि त्या जागेत चिकणमाती पायाने तुडवत भरायची. उंची कमरेपेक्षा जास्त नको. वरचं पाणी सांडायला मधोमध एक गोणी कमी ठेवावी. हे काम गड्यांना रोजावर द्यावं. अंगावर दिलं तर तुडवणं कमी होतं.

पाणी घ्यायला चार इंची प्लॅस्टिक पाइपचा हात-दीड हात तुकडा घ्यावा, त्याला भोकं पाडून हिरवी जाळी गुंडाळावी आणि तळापासून वीतभर वर आडवा ठेवावा. तळाला गाळ येतो आणि वर पाला तरंगतो, मधलं पाणी स्वच्छ असतं.

पाचवं काम टाकीचं. बांधापासून थोडं खाली, पुराचं पाणी येणार नाही अशा उंचीवर ५,००० लिटरची टाकी. हिशेब असा की बागेला मिनिटाला २० लिटरने सोडलं तर ५,८०० लिटर जायला पाच तास लागतात, त्या पाच तासांत वरून १,५०० लिटर येतातच, बाकीचं रात्रभर साठलेलं असतं. आतून अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, मीटरभर खोल. चिऱ्याची बांधावी की प्लॅस्टिकची आणावी? वरपर्यंत टेम्पो जात असेल तर चिरा. जात नसेल तर प्लॅस्टिकची, चार माणसं खांद्यावर नेतात. चिरे डोक्यावरून वर चढवण्याची मजुरी चिऱ्यांपेक्षा जास्त होते. जांभा पाणी पितो, त्यामुळे आतून वॉटरप्रूफ पावडर घातलेला प्लास्टर दोन हातांचा हवाच, आणि त्यावर आठवडाभर पाणी मारणं हवं. टाकीचं काम मेस्त्रींना अंगावर द्यायला हरकत नाही, पण बोली आधी करावी: टाकी काठोकाठ भरून तीन दिवस ठेवायची, पाणी कमी झालं नाही तर शेवटचा तिसरा हिस्सा. चांगला गवंडी या अटीला हसून हो म्हणतो. जो कुरकुरतो त्याला तिथेच चहा पाजून परत पाठवावा. बागेकडे जाणारा पाइप टाकीच्या तळापासून वीतभर वर, आणि गाळ सोडायचा कॉक अगदी तळाला.

आता प्लंबर. त्याला विचारायचा प्रश्न एकच, किती इंची. काळा एचडीपीई पाइप बाहेरून २५ मिलिमीटरचा घेतला आणि त्यातून मिनिटाला २० लिटर नेलं, तर दर १०० मीटरला पाच मीटरहून जास्त दाब घासण्यातच जातो. ३०० मीटरला सगळा १५ मीटरचा उतार पाइपच खातो, बागेत नुसती धार पडते. ३२ मिलिमीटरमध्ये तोच तोटा १०० मीटरला दीड मीटरच्या आसपास, म्हणजे बागेत दहा मीटरचा दाब उरतो. किमतीतला फरक थोडा, कामातला फार. दाबाची क्षमता ४ किलोची चालते, कारण १० मीटर उताराला साधारण एक किलो दाब येतो. १० किलोचा पाइप गळ्यात मारला जात असेल तर नको म्हणावं.

पाइप फूटभर तरी गाडावा. मार्च-एप्रिलमध्ये तरव्याची भाजावळ होते आणि उघडा पाइप कुणाच्यातरी आगीत वितळतो. गवे आणि रानडुक्करही आहेत. (दोडामार्गात हत्ती येतात, तिथे फूटभर खोलीचाही भरवसा नाही.) कातळावर खणता येत नाही, तिथे गडग्याच्या कडेने नेऊन वर दगड रचावेत. पाणसळीत सापडलेल्या प्रत्येक उंचवट्यावर टी जोडून हवा सोडायचा कॉक आणि सगळ्यात खोल जागी गाळ सोडायचा कॉक बसवून घ्यावा. प्लंबर म्हणेल, गरज नाही. गरज आहे.

पाणी सोडण्याचा दिवस घाईचा नसावा. वरचा कॉक चतकोर उघडावा आणि पाइपाबरोबर खाली चालत यावं. बागेत पाणी आलं नाही, आलं तर गुळण्या टाकत आलं, म्हणजे कुठेतरी हवा अडकली आहे. उंचवट्यावरचा कॉक सैल केला की आधी सुस्स आवाज, मग फेसाळ थुंकी, मग सलग धार. सलग धार आली की बंद. पुढच्या उंचवट्यावर तेच.

बागेत वाटणी करताना उतार विसरू नये. खालच्या माडांना जास्त पाणी जातं आणि वरचे पिवळे पडतात, म्हणून बागेचे उंचीप्रमाणे चार भाग करून प्रत्येकाला वेगळा कॉक द्यावा. बारीक ड्रिपरपेक्षा मी चार मिलिमीटरच्या साध्या मायक्रोट्यूब घेईन. जांभ्यातून आलेल्या पाण्यात लोह असतं, त्याचा तांबडा चिखल ड्रिपरमध्ये बसतो आणि फेब्रुवारीत सगळी बाग सुईने टोचत फिरावं लागतं. माडाला खोडाजवळ पाणी नको, खोडापासून मीटरभर अंतरावर चार ठिकाणी द्यावं. आळ्यात नारळाची सोडणं पालथी पसरून वर झावळं टाकली की पाणी टिकतं. आजाराचं किंवा खताचं विचारायचं असेल तर किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

देवबाग-तारकर्लीच्या वाळूत ही कृती लागू नाही. तिथे व्हाळच नाही, गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, आणि विहिरीतली पातळी मीटरभर उतरली की खालचं खारं पाणी हिशेबाने चाळीस मीटर वर सरकू शकतं. तिथे उथळ विहीर, लहान पंप आणि थोडं-थोडं उपसणं. बोअर मारणाऱ्याची गाडी दारात आली तरी चहा देऊन वाटेला लावावी.

मिरगाच्या आधी, मेच्या शेवटी, बांध मोडून काढायचा. गोण्या रिकाम्या करून धुवून पडवीत टाकाव्यात, फाटलेल्या जाळू नयेत, पंचायतीच्या कचऱ्यात द्याव्यात. जाळीचा पाइप घरी आणावा, टाकीचा तळ घासावा, खालचे सगळे कॉक उघडे ठेवावेत म्हणजे पावसाचा गाळ आपोआप धुऊन जातो. मोजणीचा डबा मात्र वरच ठेवावा, पुढच्या मेला पाणी पुन्हा मोजायचं आहे.