ऑप्शनची ओळ हाताने तोडू नकोस

हे बघ, ऑप्शनची ओळ फाइलमधून वाचायची वेळ आली की हात आपोआप साध्या स्प्लिटकडे जातो. तो मोह आवर. टर्मिनलवर आपण टाइप करतो ते पायथॉनपर्यंत पोचण्याआधी शेलने त्याचे नीट तुकडे केलेले असतात, कोट काढून टाकलेले असतात. फाइलमधल्या ओळीला शेलचा हातच लागलेला नसतो. ते काम तुझ्यावर येतं.

समज, ओळ अशी आहे: --गाव "नवी मुंबई" --प्रती ३. साध्या स्प्लिटने नवी एकीकडे, मुंबई दुसरीकडे, आणि कोट दोघांना चिकटलेले. म्हणून श्लेक्स मॉड्यूलमधलं स्प्लिट घे. ते शेलच्या नियमांनी तोडतं. (तो ३ देवनागरीत असला तरी पायथॉनचा इंट तो बिनतक्रार वाचतो, याचा मला फार आनंद वाटतो.) ओळीत डि'सोझा आडनाव आलं, तर मात्र श्लेक्सला तो कोट उघडल्यासारखा वाटतो, बंद करणारा सापडत नाही आणि व्हॅल्यूएरर येतो. असं नाव डबल कोटात लिहायला सांग. शिवाय तो एरर पकड आणि फाइलचं नाव, ओळीचा नंबर दाखव. दोनशे ओळींच्या फाइलमध्ये चूक कुठे आहे हे माणसाला शोधायला लावणं बरं नव्हे. विंडोजच्या पाथमधले उलटे स्लॅशही श्लेक्स गिळतो. ते पाथ सिंगल कोटात ठेव. आणि # पुढचा मजकूर कॉमेंट म्हणून सोडायचा असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, आपणहून तो सोडत नाही.

तुकडे झाले की पुढचं आर्गपार्सवर सोपव. २.७ पासून ते पायथॉनसोबतच येतं. @ लावून फाइलचं नाव देण्याची सोयही त्यात आहे, फक्त ती सुरू करावी लागते. पण मुळात ते एक अख्खी ओळ म्हणजे एकच आर्ग्युमेंट धरतं. कन्व्हर्ट-आर्ग-लाइन-टू-आर्ग्ज ही मेथड बदलून तिथे श्लेक्स बसव, मग एका ओळीत कितीही ऑप्शन चालतील.

टाइप म्हणून बूल कधीच देऊ नकोस. 'फॉल्स' हा शब्दही रिकामा नसल्यामुळे ट्रूच ठरतो. होय-नाहीसाठी स्टोअर-ट्रू आहे.

लांब नावाचं अर्धं रूपही आर्गपार्स मुकाट्याने स्वीकारतं. कोणीतरी क्रॉनमध्ये अर्धं नाव लिहून ठेवतं, तू सहा महिन्यांनी त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा ऑप्शन घालतोस आणि रात्रीचं काम बंद पडतं. ३.५ पासून अलाउ-अब्रेव्ह फॉल्स करता येतं. पहिल्याच दिवशी कर.

फाइलचं नावच डॅशने सुरू होत असेल तर त्याआधी नुसतं -- द्यायचं. त्यापुढचं काही ऑप्शन मानलं जात नाही.

आणि पायथॉनला हाक मारणारी छोटी बॅश स्क्रिप्ट लिहिलीस, तर त्यात "$@" असं डबल कोटासकटच लिही. कोट विसरलास तर शेल स्पेस दिसेल तिथे पुन्हा तोडतं.