बटण दाबून बोलायचा फोन : संग्रहालयाकडून घेण्याचा धडा

व्यापारातली वस्तू जुनी झाली की तिची जागा भंगारात, असा आपला रिवाज आहे. त्यातलीच एखादी संग्रहालयाच्या कपाटात जाते आणि तिथे तिची किंमत तराजूवर ठरत नाही. ती कशावर ठरते, हे व्यापारी व कारागीर बंधूंपुढे आम्ही आज एका उदाहरणाने मांडत आहोत. उदाहरण अमेरिकेचे आहे.

हा फोन काय होता?

१९८७ मध्ये तिथे 'फ्लीट कॉल' नावाची कंपनी निघाली. टॅक्सी, मालमोटारी व दुरुस्तीच्या गाड्यांना निरोप देण्यासाठी वापरात असलेल्या रेडिओ लहरींचे परवाने तिने विकत घेतले. १९९३ मध्ये तिचे नाव 'नेक्स्टेल' झाले. मोटोरोला कंपनीच्या 'आयडेन' पद्धतीमुळे एकाच यंत्रात मोबाईल आणि वॉकीटॉकी आले. बाजूचे बटण दाबायचे, चिवचिव असा आवाज व्हायचा आणि थेट बोलणे सुरू. एका वेळी एकच जण बोलणार; त्याने बटण सोडले की दुसऱ्याची पाळी. बांधकामावरचे मुकादम, प्लंबर, वायरमन, माल पोहोचवणारे यांना हे फार सोयीचे पडले, कारण त्यांचे काम दोन शब्दांत होत असे : "सिमेंट पाठव", "निघालो".

२००५ मध्ये ही कंपनी स्प्रिंट कंपनीत विलीन झाली आणि ३० जून २०१३ रोजी हे जाळे बंद करण्यात आले. त्या जाळ्यावरचे संच चांगल्या स्थितीत असूनही मुके झाले. अशी वस्तू जपायची कशी, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

संग्रहालय काय पाहते?

१. जोडसामान. नुसता फोन पाहून यंत्र कसे होते एवढेच कळते. तो कोणाच्या हातात होता, हे जोडसामान सांगते. गाडीत लावायचा चार्जर असेल तर मालक दिवसभर रस्त्यावर असे. जादा बॅटरी असेल तर कामाची पाळी लांब होती. पट्ट्याचा क्लिप झिजलेला आणि कातडी कव्हरवर रंगाचे शिंतोडे असतील, तर धंदाही कळतो. आपण मात्र क्लिप, कव्हर आणि खोके हेच आधी फेकतो.

२. नोंद. प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो. कोणी दिली, कोणत्या वर्षी वापरली, कशासाठी वापरली, हे वहीत लिहिले जाते. खरेदीचे बिल असल्यास तेही सोबत ठेवतात. नोंद नसलेली वस्तू म्हणजे नुसते जुने प्लास्टिक.

३. जतन. बॅटरी काढून वेगळी ठेवतात. ती फुगते किंवा गळते आणि आतला धातू खाते. मऊ प्लास्टिकचे कव्हर काही वर्षांनी चिकट होते, म्हणून ते फोनला चिकटू देत नाहीत. डाग मात्र घासून काढत नाहीत, कारण तो डाग म्हणजेच पुरावा.

४. माणसाचे बोलणे. जाळे बंद पडल्यावर बटण दाबून काहीच होत नाही. ती चिवचिव कधी यायची, घाईच्या वेळी काय बोलले जायचे, हे वापरणाराच सांगू शकतो. तो हयात आहे तोवर त्याच्याकडून लिहून घेतले नाही, तर वस्तू राहते आणि कामाची रीत जाते.

आपण काय करावे?

आमच्या वाचकांत मोबाईल दुरुस्तीची दुकाने चालवणारे आहेत, मागावर बसणारे आहेत, लोहार, सुतार, शिंपी आहेत. वडिलांचे एखादे हत्यार, बंद पडलेले यंत्र, जुनी बिलबुके बहुतेकांकडे असतात. भंगारवाल्याला देण्याआधी त्यांतली एक वस्तू तिच्या सामानासकट बाजूला काढावी. सोबत चिठ्ठी ठेवावी : कोणाची, केव्हा घेतली, किती रुपयांना, तिच्यावर काय बनत असे आणि ती कशामुळे बंद पडली. आत सेल असतील तर काढावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांचेच शब्द लिहावेत.

याला खर्च काही नाही. भंगारात वस्तूचे चार पैसे येतील, पण आपल्या हुन्नराची हकिकत पुन्हा विकत मिळणार नाही.