तिला न विचारता केलेला त्याग

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येणारी आमच्या भागातली पोरं मला फोन करतात. अभ्यासिका कुठली बरी, कॉट बेसिसवर जागा केवढ्याला पडेल, मेस कुठं लावावी, हे विचारून होतं. मग एखादा अडखळतो. "दादा, अजून एक विचारू का?" पुढचं मला बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. एका गावचे दोघं, एका खोलीत राहणारे, आणि दोघांचाही जीव एकाच मुलीत अडकलेला. आमच्या बाबतीत असं घडून गेलंय हे गावाकडून त्यांच्या कानावर आलेलं असतं. फोनवर दरवेळी तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मित्राला आणि तिला विचारून लिहितोय. नावं तिघांचीही वगळली आहेत.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. त्याचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या आमच्या आज्यांनी ठरवलेल्या. पहिलीपासून एका बाकावर बसलो आणि पुण्यालाही एकाच एसटीनं गेलो. नवी पेठेतल्या खोलीचं डिपॉझिट दोन्ही घरांनी उसाच्या बिलातून निम्मं निम्मं भरलं. त्याचं गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी पक्की, माझी राज्यघटना. नोट्सच्या वह्या दोघांत मिळून एकच. अशा मैत्रीत काही बिनसलं की झळ दोन घरांना लागते, दोघांच्या अभ्यासाला लागते आणि विहिरीच्या पाण्यालाही लागते. शहरातल्या दोन मित्रांना कदाचित एकमेकांचा नंबर काढून टाकून मोकळं होता येत असेल. आम्हाला ती सोय नव्हती.

ती आमच्या अभ्यासिकेतली, मराठवाड्यातून आलेली. चहाच्या टपरीवर चालू घडामोडींवर वाद घालणाऱ्या आमच्या पाच-सहा जणांत तिचा आवाज सगळ्यात स्पष्ट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि आम्ही दोघं पुण्यात अडकलो, घरचे फोन लागेनात. तिच्या गावाकडं त्याच महिन्यात प्यायच्या पाण्याचे टँकर चालू होते. तरी तिनं अभ्यासिकेत फिरून सतरंज्या, फिनेल, वह्या, औषधं गोळा केली आणि टेम्पोत भरून दिली. पाणी उतरल्यावर आम्ही गावी पोचलो. आधी त्याच्या घरातला गाळ काढला, मग आमच्या. ती रोज फोन करून दोन्ही घरांची चौकशी करायची. मी तिच्यात गुंतलो ते त्या दिवसांत. तो माझ्या आधीच गुंतला होता.

दिवाळीनंतर एका रात्री गच्चीवर मी त्याला सांगितलं, ती मला आवडते. तो हसला. "लई भारी, भावा," म्हणाला आणि पाठीवर थाप मारली. त्याच्या थोडंच आधी तिनं त्याला आपल्या मनातलं सांगितलं होतं आणि त्यानंही तिला होकार दिला होता. त्या हसण्यामागं हे सगळं दडलंय, याची मला कल्पनाच नव्हती.

पुढच्या काही दिवसांत त्यानं तिला सांगितलं, "तू त्याच्याशी बोल, तो माझ्यापेक्षा बरा आहे." आणि वडलांच्या पाठीचं दुखणं सांगून तो गावी निघून गेला. अभ्यास अर्ध्यावर राहिला. मी इकडं त्याच्या वडलांची काळजी करत बसलो. शेवटी तिनंच मला अभ्यासिकेच्या जिन्यात थांबवलं. ती रडत नव्हती, संतापली होती. "मी काय तुमच्या शेताचा बांध आहे का, तुम्ही दोघांनी मिळून इकडून तिकडं सरकवायला? मला तो आवडतो, हे मी त्याला सांगितलंय. तुला काय वाटतं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, त्यामुळं तुझ्यावर माझा राग नाही. पण त्यानं मला न विचारता मला तुझ्या नावावर करून टाकलं."

तिच्या नकारानं दुखलं. खोटं कशाला सांगू, फार दुखलं. पण त्या दुखण्याला तळ होता, ते कधीतरी संपणार हे कळत होतं. मित्राच्या त्या हसण्याला मात्र तळ लागेना. ज्याच्यापाशी मी मन उघडं केलं तो समोर बसून माझ्यापासून लपवत होता, आणि वर मनात माझ्यावर उपकारही करत होता. आता पहिलीपासूनची कुठली गोष्ट खरी धरायची आणि कुठली नाही, या विचारानं माझी झोप गेली.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि पेठांमधल्या खोल्या रिकाम्या झाल्या. 5 एप्रिलची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढं गेली. आम्ही दोघं गावात, बांधाच्या दोन बाजूंना, आणि बोलणं बंद. लोकांना कारण माहीत नसलं की ते आपल्या अंदाजानं एखादं बसवतात. आमच्या घरच्यांनी पैशाचं बसवलं. खोलीच्या डिपॉझिटवरून वाजलं असणार, असं एका घरात. याच्या पोरानं आमच्या पोराचा अभ्यास बुडवला, असं दुसऱ्या घरात. त्यातून पाण्याच्या पाळीवर धुसफूस सुरू झाली. विहिरीवर वेगळी मोटर बसवायची बोलणी निघाली. ज्यांना तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं ती म्हातारी माणसं एकमेकांकडं पाठ फिरवून बसायला लागली.

गाठ सुटली ती पुण्यात. 14 मार्च 2021 ला होणारी पूर्वपरीक्षा पुन्हा पुढं ढकलल्याचं 11 मार्चला जाहीर झालं आणि शास्त्री रोडवर पोरं रस्त्यावर उतरली. त्या गर्दीत तो मला दिसला. दोघंही रात्री उशिरापर्यंत तिथंच होतो. नंतर फुटपाथवर बसून बोललो. "मला वाटलं मी बाजूला सरलो तर तुझं भलं होईल," तो म्हणाला. मी म्हणालो, "माझं भलं कशात आहे हे मला विचारायचंस. आणि तिला काय हवंय हे तर तिनं तुला सांगितलेलंच होतं." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मैत्रीत असंच करायचं असतं, असं वाटायचं रे." परीक्षा 21 मार्चला झाली. एवढ्या काळानंतर आम्ही दोघं पुन्हा एका रिक्षातून केंद्रावर गेलो.

असंच करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं? आपल्या सिनेमांनी बऱ्यापैकी शिकवलं, असं मला वाटतं. राज कपूरचा 'संगम' 1964 मधला. आमच्या घरी टीव्हीवर लागला की वडील अजूनही उठत नाहीत. त्यात राजेंद्र कुमारचा गोपाळ मित्रासाठी मनातलं गिळतो, आणि शेवटी स्वतःला गोळी मारून घेतो. बघणाऱ्याचे डोळे भरून येतात. पण वैजयंतीमालाच्या राधाकडं लक्ष देऊन तो सिनेमा पुन्हा बघा. तिचं प्रेम कुणावर आहे हे गोपाळला ठाऊक असतं, तरी निर्णय दोन पुरुषांच्या दोस्तीत होतो आणि त्याची किंमत ती अख्खं आयुष्य मोजते. त्यागाचा मान गोपाळला मिळतो. गोळी लागेपर्यंत मैत्री टिकली असं आपण म्हणतो, पण त्या मैत्रीत एकमेकांना खरं सांगण्याची हिंमत कुठं होती?

म्हणून फोन करणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो. तुझ्या मनात काय आहे ते मित्राला तुझ्या तोंडून कळू दे, आणि लवकर कळू दे. मेसच्या टेबलावर, ग्रुपवर, स्क्रीनशॉटमधून कळलं की खरी गोष्टसुद्धा दगाबाजीसारखी वाटते. तो आधी बोलला आणि तुझंही तिच्यावर मन असेल, तर तिथल्या तिथं सांग. वाक्य सुंदर नसलं तरी चालेल. "मलाही ती आवडते, आत्ता काय बोलावं सुचत नाही," एवढं पुरतं. हसून वेळ मारून नेऊ नकोस.

दुसरं, दोघांनी बसून 'कोण माघार घेणार' हे ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकणारे, 'आधी पोस्ट मिळेल त्यानं विचारायचं' अशी पैज लावणारे मी पाहिलेत. त्या बैठकीत ती नसते, मग बैठक कसली? तिला विचारायचं असेल तर ज्यानं त्यानं आपापलं, एकदाच, सरळ विचारावं आणि उत्तर मिळालं की ते उत्तर मानावं. ती एकाला हो म्हणेल, दोघांना नाही म्हणेल, तिच्या मनात तिसराच कुणी असेल किंवा तिला फक्त परीक्षा द्यायची असेल.

इथं आवाज थोडा चढतो माझा. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत एका तरुणीवर नकाराच्या रागातून भर रस्त्यात कोयत्यानं हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी धावत जाऊन तिला वाचवलं. त्याच गल्ल्यांतून आपण रोज चहाला जातो. नकारानंतर पुन्हा पुन्हा मेसेज करणं, क्लासबाहेर उभं राहणं, मैत्रिणींकडून निरोप धाडणं, याला कुणी प्रेमाची चिकाटी म्हणत असेल तर म्हणो. कायद्यात तो पाठलागाचा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली. नोकरीआधी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा असा गुन्हा समोर येतो. पण नोकरी जाईल म्हणून थांबू नका. ती घाबरते, अभ्यासिकेची वेळ बदलते, गावी निघून जाते, आणि गावी गेलेल्या मुलीला घरचे परत पाठवतीलच असं नाही. तिची तयारी तिथंच संपते.

ज्याला नकार मिळाला त्यानं सरळ खोली बदलावी. मोठ्या मनानं एकत्र राहून दाखवायची गरज नाही. शेजारच्या कॉटवर रात्री हळू आवाजात चाललेला फोन ऐकत कुणाचाही अभ्यास होत नाही. जाताना डिपॉझिट, मेसचे पैसे, पुस्तकं यांचा हिशोब दोघांनी समोरासमोर लिहून मिटवावा, म्हणजे घरच्यांना पैशाचं कारण सापडत नाही. आईवडलांना सगळं सांगायला नको, पण "आमचं थोडं बिनसलंय, पैशाचा संबंध नाही, तुम्ही तुमचं नेहमीसारखं ठेवा," एवढं दोघांनीही आपापल्या घरी सांगावं. आमच्या विहिरीवरची कटकट एवढ्या एका वाक्यानं टळली असती. आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटायला लागलं, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन लावावा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बोलणं परत कधी सुरू करायचं, हे मला सगळे विचारतात. त्याची तारीख नसते. ज्याला दुखलंय त्यानं ती ठरवावी, दुसऱ्यानं घाई करू नये. 'सगळं पहिल्यासारखं होऊ दे' असं मागू नका, ते होत नाही. आमच्यात आता काही विषय निघत नाहीत, आणि ते आम्ही दोघांनी मान्य केलंय. ती आज राज्यकर निरीक्षक आहे. मित्रानं गावी उसाची रोपवाटिका टाकली. त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा त्यानं पत्रिका व्हॉट्सॲपवर न टाकता घरी येऊन दिली आणि म्हणाला, "आलास तर बरं वाटेल, नाही आलास तरी मी समजून घेईन." मी अक्षता टाकायला गेलो आणि जेवून लगेच निघालो. थांबण्याचा आग्रह त्यानं केला नाही, तिनंही नाही.

नंतरचा त्याचा पहिला फोन पाण्याच्या पाळीबद्दल होता. तुमच्यातही दुरावा पडला असेल तर असंच एखादं काम काढून फोन करा. मनातलं बोलायचं ओझं त्या पहिल्याच फोनवर टाकू नका.